पंधरा मिनिटांच्या आतला बर्फ

८ नोव्हेंबर

काल आईशी फोनवर बोलताना या कामाची गाठ बांधली गेली. गेल्या चार हिवाळ्यांत मी तिला वाईला किती फोटो पाठवले असतील याची मोजदाद नाही. काल ती म्हणाली, "अगं, सगळे सारखेच दिसतात. पांढरं आणि पांढरं. पडून गेलेला बर्फ कशाला दाखवतेस? पडतानाचा दाखव. पाऊस कसा पडतो ते मला ठाऊक आहे. हा कसा पडतो?"

रात्री बसून सगळे जुने फोटो पाहिले. झाकलेली गाडी, झाकलेलं अंगण, कठड्यावर साचलेला थर, मुलगी आणि तिचा स्नोमॅन. आईचं खरं आहे. सगळे फोटो बर्फ पडून गेल्यावरचे आहेत, तेही घाईत, दारात उभं राहून फोनवर काढलेले.

आईने आजवर बर्फ म्हणून जे पाहिलं ते महाबळेश्वरला. पसरणीचा घाट चढून वर गेलं की वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला थंडीतल्या एखाद्या पहाटे दव गोठतं. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरी साय धरते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पण ते जमिनीलगत जमणारं हिम. आमच्याकडचं वरून येतं, ढगात घडून, एकेक कण वेगळा. हा फरक तिला फोटोतून कळला पाहिजे.

म्हणून या हिवाळ्यात बारा फोटो काढायचे आणि कागदावर छापून तिच्या हातात द्यायचे. आम्ही अमेरिकेत, व्हर्मॉन्ट राज्यातल्या एसेक्स जंक्शनला राहतो. घराच्या दारापासून चालत पंधरा मिनिटांच्या पलीकडे जायचं नाही, गाडी काढायची नाही, आणि फोटो बर्फ पडत असताना किंवा थांबल्यावर पहिल्या दोन तासांतलाच धरायचा. इथले हौशी लोक बर्फ म्हटलं की माउंट मॅन्सफील्डकडे निघतात. १,३३९ मीटरचा तो डोंगर राज्यात सर्वांत उंच आहे आणि सुंदर आहे यात वादच नाही. पण बर्फ पडत असतो तेव्हा तो ढगात असतो, रस्ते निसरडे असतात आणि पोचेपर्यंत ताजेपणा गेलेला असतो. ताजा बर्फ ही तासा-दोन तासांची गोष्ट आहे. ती जिथे आहोत तिथेच पकडायला हवी.

१७ नोव्हेंबर

पहिला स्नो. सकाळी सहाला उठले तर खिडकीबाहेर भुरभुर चालू होती. उणे एक तापमान, जमिनीला टेकला की निम्मा विरघळत होता. चाळीस फोटो काढले, चाळीसही राखेच्या रंगाचे आले.

कारण माहीत होतं, पण हाताला सवय नव्हती. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के परत फेकतो. एवढा उजेड पाहून मीटरला वाटतं की फोटो जळेल, आणि तो उजेड कापतो. मग दूध मागावं आणि पातळ ताक मिळावं तसं होतं. उपाय म्हणजे एक्स्पोजर, फोटोला मिळणारा उजेड, आपण होऊन वाढवायचं. ढगाळ असेल तर एक ते सव्वा स्टॉप, ऊन असेल तर पावणेदोनपर्यंत. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, त्यामुळे हा फरक थोडाथोडका नाही.

वाढवताना पडद्यावरच्या चित्रावर भरवसा ठेवायचा नाही. उघड्यावर, बर्फाच्या लखलखाटात तो पडदा अंधारा दिसतो आणि आपण गरजेपेक्षा जास्त वाढवतो. हिस्टोग्राम पाहायचा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख. डोंगर उजवीकडे सरकला पाहिजे, पण उजव्या भिंतीला टेकता कामा नये. टेकला की बर्फातले बारीक उंचसखल भाग पुसले जातात आणि उरतो नुसता कोरा कागद. आई ज्याला "पांढरं आणि पांढरं" म्हणते ते हेच.

आजचा एकही फोटो ठेवला नाही.

६ डिसेंबर

दहा सेंटिमीटर. दुपारी एकला सुरू झाला आणि अंधार पडेपर्यंत चालला. आज एक गोष्ट नीट उमगली.

पडणारा बर्फ डोळ्यांना दिसतो कारण तो हलतो. फोटोत काही हलत नाही. पांढऱ्या आकाशासमोरून पडणारा पांढरा कण फोटोत दिसतच नाही, किंवा उजेडासमोर आला तर काळपट ठिपका दिसतो, भिंतीवरच्या माशीसारखा. आधीचे फोटो आठवले. सगळ्यांत मी आकाश भरपूर घेतलं होतं. बर्फ आकाशातून पडतो म्हणून कॅमेराही वर करत होते.

वाईच्या घरी आई रांगोळी घालायची तेव्हा आधी अंगण गेरूने सारवून घ्यायची. सारवल्याशिवाय चिमूट उचलायची नाही. मला इथे गेरू शोधायचा होता. पंधरा मिनिटांच्या आत काय काय गडद आहे याची यादी करत दोन तास फिरले. मागच्या रस्त्याला हेमलॉकची चार जुनी झाडं आहेत, त्यांचा हिरवा रंग ढगाळ उजेडात जवळजवळ काळा दिसतो. फाइव्ह कॉर्नर्स या पाच रस्त्यांच्या चौकाजवळ विटांच्या जुन्या इमारती आहेत. रेल्वेच्या फाटकाजवळ डांबराने काळे पडलेले लाकडी खांब आहेत. शेजारच्या आजोबांची पत्र्याची शेड आहे, गर्द तांबडी. त्यांना विचारलं तर म्हणाले, हवं तितका वेळ उभी राहा, फक्त कुत्र्याला ओरडू नकोस.

हेमलॉकसमोर उभी राहिले आणि बर्फ एकदम दिसायला लागला. जवळचे कण मोठे आणि धूसर, मधले स्वच्छ, लांबचे धुळीसारखे. इथे पडद्यासारखा एक थर नसतो. कणांमागे कण, त्यांच्यामागे आणखी कण असा खोलवर गेलेला पाऊस असतो. १३५ मिलिमीटरच्या लेन्सने हे थर एकमेकांवर येतात आणि बर्फ दाट दिसतो. रुंद लेन्सने तोच बर्फ विरळ वाटतो.

मग शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. कण साधारण सेकंदाला एक मीटर या गतीने खाली येत होते. १/५०० सेकंदात तो दोन मिलिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत ठिपका. १/३० मध्ये तीन सेंटिमीटरच्या वर सरकतो, म्हणजे रेघ. ठिपके आले तर आईला ते कागदावरचे डाग वाटतील. रेघा फार लांब झाल्या तर तो पाऊसच दिसेल, आणि पाऊस तर तिला ठाऊक आहे. वेगवेगळ्या शटरवर साठेक फोटो काढून मी १/८० वर स्थिरावले. कण किंचित लांबट होतो, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि वाऱ्याने तो कुठल्या बाजूला झुकलाय तेही कळतं. पाऊस सरळ येतो, बर्फ वाट शोधत येतो. तो फरक १/८० वर दिसतो.

ऑटोफोकस बंद. तो प्रत्येक जवळच्या कणामागे धावतो. झाडाच्या खोडावर हाताने फोकस केला आणि लेन्सची कडी हलू नये म्हणून पट्टी चिकटवून टाकली.

हेमलॉकचा एक फोटो ठेवला. पहिला.

७ डिसेंबर

सकाळच्या व्हर्मॉन्टरसाठी फाटकाजवळ उभी होते. सेंट अल्बन्सहून वॉशिंग्टनला जाणारी ही गाडी दिवसातून एकदा दक्षिणेला जाते आणि संध्याकाळी एक उत्तरेला येते. रात्रीचा बर्फ अजून रुळांवर अस्पर्श होता. गाडी आली आणि दोन्ही बाजूंना पिठाच्या गिरणीत उडावा तसा भुगा उडाला. फाटकाचे लाल दिवे त्या भुग्यावर पडले. फोटो दुसरा. इंजिनाचा पुढचा भाग थोडा हलला आहे, तरी ठेवणार.

१३ डिसेंबर

रात्रीचे प्रयोग. मुलगी सोबत आली होती, छत्री धरायला. छत्री माझ्यासाठी नसते, लेन्ससाठी असते. काचेवर पडलेला कण तोंडाने फुंकायचा नाही, श्वासातली वाफ तिथेच गोठते. रबरी फुग्याने उडवायचा. लेन्स हूड लावला की निम्मं काम होतं.

फ्लॅश लावून पाहिला. जवळचे कण मोठ्या पांढऱ्या टिकल्या होऊन आले, लग्नात अक्षता उधळल्यासारखे. मुलीला फार आवडलं. मला वाटतं त्यात फ्लॅशच जास्त दिसतो, रात्र दिसत नाही. मग रस्त्यावरच्या दिव्याकडे वळलो. दिवा आपल्या पाठीशी असला तर बर्फ निस्तेज. दिवा समोर असला की आपल्या आणि दिव्याच्या मधला प्रत्येक कण पेटतो. फक्त दिव्याचा गोळा स्वतः चौकटीत नको, नाहीतर सगळं तोच खातो. मेपलच्या खोडाआड दिवा लपवला आणि मग दिसलं की उजेडाला आकार असतो. दिव्याखाली शंकूसारखा एक तंबू, त्याच्या आत बर्फ आणि बाहेर काहीच नाही. तिपाई, १/४० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००. फोटो तिसरा.

परतताना मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, कान बंद झाल्यासारखं वाटतंय." तसंच असतं. नुकत्या पडलेल्या हलक्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवा असते आणि ती बारीक पोकळ्यांत अडकलेली असते. आवाज त्यात शिरतो आणि तिथेच जिरतो, गादीत जिरावा तसा. मुख्य रस्त्यावरच्या गाड्या दोनशे पावलांवर होत्या, पण ऐकू येत होती फक्त छत्रीवरची कुजबुज. हे फोटोत कसं आणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. रिकामा रस्ता काढला म्हणजे शांतता येते असं नाही. लॉकडाउनमध्येही रस्ते रिकामेच होते.

२२ डिसेंबर

वर्षातला सर्वांत लहान दिवस कालच होऊन गेला. साडेसातला जेमतेम उजाडतं आणि सव्वाचारला सूर्य मावळतो. भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून फक्त २२ अंश वर असतो. मीटरभर काठी बर्फात रोवली तर तिची सावली अडीच मीटर पडते. वाईत असा उजेड सकाळी आठ-साडेआठला असतो आणि लगेच संपतो. इथे तो दिवसभर मुक्कामाला असतो, आणि फोटो काढणाऱ्याला याहून मोठं दान नाही.

पहाटे पाच सेंटिमीटर पडून थांबला, आठला आकाश मोकळं झालं. ऊन तिरकं असलं की बर्फाचा प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो. आणि त्या सावल्या निळ्या असतात. अगदी खऱ्या निळ्या. उन्हातला भाग सूर्य उजळतो, पण सावलीतल्या भागाला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा, आणि बर्फाला स्वतःचा रंग नसल्याने तो मिळेल तो रंग घेतो. कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते, आपोआप ठरवू लागला की हा निळा पुसायला जातो आणि मग ऊन पिवळट होतं. आज तो दिवसाच्या उजेडावर पक्का करून टाकला आणि निळा राहू दिला. बर्फ पांढरा दाखवायचा हट्ट सोडला की त्यात रंग दिसायला लागतात.

कुंपणाच्या सावल्या, चौथा. मेपलच्या फांद्यांच्या सावल्या, पाचवा. एका खारीच्या उड्यांची रांग, प्रत्येक खड्डा तळाशी निळसर, सहावा. ही खार पहिल्या दोन तासांतली पहिली पाहुणी होती. तिच्या आधी कुणीही आलेलं नव्हतं.

३ जानेवारी

आज नुकसान झालं. उणे सोळामध्ये दीड तास बाहेर होते. पहिली बॅटरी पाऊण तासात मेली. ती खरं तर मेलेली नसते. थंडीत तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि कॅमेऱ्याला हवा तेवढा विजेचा दाब देता येत नाही. स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली तर वीस मिनिटांनी तीच बॅटरी परत चालते. दोन बॅटऱ्या अशाच आळीपाळीने वापरायच्या हे शिकलेच होते.

नुकसान घरात आल्यावर झालं. बोटं इतकी बधिर झाली होती की पिशवीत न घालता कॅमेरा तसाच स्वयंपाकघरात आणला. कुकर नुकताच उतरवलेला, खोलीत वाफ. थंडगार धातूवर आणि काचेवर क्षणात घाम फुटला, आतल्या काचांवरसुद्धा. लेन्सच्या आत एका कोपऱ्यात धुकं बसलं ते संध्याकाळपर्यंत गेलं नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की वाट पाहा, सुकलं तर सुकलं.

नियम मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आत चिकटवला: बाहेरच, थंडीतच, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं. मग आत यायचं. दोन तास पिशवी उघडायची नाही. घाम पिशवीला बाहेरून सुटतो, कॅमेरा कोरडा राहतो. कार्ड मात्र आधीच काढून घ्यावं, म्हणजे फोटो पाहायचा मोह कॅमेऱ्याला भोवत नाही.

(७ जानेवारी: धुकं गेलं. बुरशीचा डाग नाही. हायसं वाटलं.)

१४ जानेवारी

संक्रांत. चार दिवस रोज रात्री थोडा थोडा करून हलवा केला. आईने व्हिडिओवर बसून शिकवला. मंद आचेवर परात, त्यात तीळ, वरून एकतारी पाक चमचा-चमचा, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. पहिले दोन दिवस नुसते पांढरे गोल दाणे होते. तिसऱ्या रात्री खिडकी थोडी उघडी ठेवली आणि काटे फुटायला लागले. आई म्हणालीच होती, "थंडीशिवाय काटा येत नाही. आणि आच मोठी केलीस तर गोळा होईल."

परातीकडे पाहताना माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ढगात असंच होतं. एखादा धुळीचा कण म्हणजे तीळ. त्याच्याभोवती शून्याखाली गेलेली, तरी न गोठलेली पाण्याची थेंबुकली आणि वाफ. वाफ थेट बर्फ होऊन कणावर बसते, मध्ये पाणी होत नाही. पाण्याचे रेणू बर्फात षटकोनी जाळीत बसतात म्हणून आधी सहा कोनांची बारीक तबकडी होते. मग जे कोपरे थोडे पुढे आलेले असतात त्यांना आजूबाजूची वाफ आधी मिळते, ते आणखी पुढे जातात आणि त्यांच्या शाखा होतात. किती फुटायचं हे थंडी ठरवते. उणे पाचच्या आसपास सुया होतात, उणे पंधराच्या आसपास शाखांच्या चांदण्या. जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत, सशाच्या केसाच्या टोकावर, पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि कुठल्या थंडीत कुठला आकार हे मांडून दाखवलं.

संध्याकाळी काळी साडी नेसले. आईच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा विरली तेव्हा तिने तिचे तुकडे करून आम्हा बहिणींना दिले होते. माझा तुकडा पेटीच्या तळाशी होता, तो मुलीला दाखवायला काढला. तिने त्यावर हलव्याचे चार दाणे ठेवले आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पांढऱ्यासाठी काळं. काळ्यावर हलव्याचे दागिने का घालतात हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, पण ते ज्यांनी पहिल्यांदा केलं त्यांची नजर पक्की होती.

उद्या बर्फ आहे. तुकडा घडी करून मागच्या पडवीत ठेवला, रात्रभर गार व्हायला.

१५ जानेवारी

आजची तारीख मुद्दाम लिहिते. इथून थोड्या मैलांवर जेरिको हे गाव आहे. तिथला एकोणीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा विल्सन बेंटली याने १५ जानेवारी १८८५ रोजी कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून एका हिमस्फटिकाचा पहिला फोटो काढला. सूक्ष्मदर्शक आईकडून मिळालेला, ती शाळेत शिकवायची. पुढची शेहेचाळीस वर्षं बेंटलींनी तेच केलं, त्याच शेतावर, न तापवलेल्या खोलीत. काळ्या फळीवर बर्फ झेलायचा, केरसुणीच्या काडीने एक स्फटिक उचलायचा, पिसाने काचेवर हलकेच दाबायचा, श्वास रोखायचा. पाच हजारांहून जास्त फोटो झाले. १९३१ च्या डिसेंबरात बर्फाच्या वादळातून चालत घरी आले, न्यूमोनिया झाला आणि २३ तारखेला गेले. त्याच वर्षी त्यांच्या फोटोंचं मोठं पुस्तक छापून झालं होतं. गेल्या उन्हाळ्यात जेरिकोच्या ओल्ड रेड मिलमध्ये त्यांचे मूळ फोटो पाहिले तेव्हा हिवाळा इतका लांब होता की पुरतं कळलं नाही. आज कळलं. त्या माणसाला दुसऱ्या कुठल्या गावाच्या बर्फाची गरज पडली नाही.

सकाळी उणे तेरा. वारा नाही, हे फार महत्त्वाचं. पडवीत चंद्रकळा पसरली. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये, अगदी जवळून फोटो घेता यावा म्हणून, एक्स्टेन्शन ट्यूब, बाजूने एलईडी टॉर्च अगदी तिरकी. तोंडावर मफलर आणि श्वास खांद्यावरून मागे सोडायचा.

पहिला अर्धा तास सगळे तुटलेले. पडताना एकमेकांवर आपटून गुंता होतो. मग साडेआठला ढगात काहीतरी बदललं असावं, कारण एकदम सुट्या चांदण्या यायला लागल्या. तीन मिलिमीटरच्या, सहा हातांच्या, हाताला शाखा, शाखेला उपशाखा. मला वाटलं होतं कापडाची वीण त्रास देईल, मखमल असती तर बरं झालं असतं. पण विरलेल्या सुताला बारीक लव आलेली असते. त्या लवेवर चांदण्या अधांतरी टेकत होत्या, कापडाला न लागता, त्यामुळे त्यांच्या कडा मोकळ्या राहिल्या. एवढ्या जवळून फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा थर, मिलिमीटरहून कमी असते, म्हणून कॅमेरा केसभर पुढे-मागे करत प्रत्येकीचे पंधरा-वीस फोटो घ्यायचे. आणि वेळ मिनिट-दोन मिनिटांचाच. बर्फ वितळत नसला तरी त्याची टोकं वाफ होऊन हवेत उडून जातात, आधी धार बोथट होते आणि मग चांदणी गोलसर होऊन बसते.

अकरा वाजता मान वळेना. ऑफिसला उशिरा गेले. चारशे फोटोंतले तीन ठेवले: सातवा, आठवा, नववा. आठव्यात एका चांदणीचा एक हात दुसऱ्यांपेक्षा आखूड आहे. बेंटलींच्या फोटोंमुळे लोकांना वाटतं सगळ्या चांदण्या सुबक असतात. त्यांनीही सुबकच निवडल्या होत्या. पडवीत पडणाऱ्या बहुतेक मात्र लंगड्या असतात, आणि मला त्या आईला दाखवायच्या आहेत.

२७ जानेवारी

मोठं वादळ. रात्री दहा ते सकाळी सहा, छत्तीस सेंटिमीटर. शाळा बंद. चारला गजर लावून उठले, कारण ताज्या बर्फाचा घात कोण कधी करतं हे आता पाठ झालंय. साडेचारला पहिला स्नोप्लाउ (बर्फ बाजूला लोटणारी गाडी), पाचला पेपरवाला, सहाला कुत्री, सातला सगळे फावडी घेऊन. मला त्यांच्याआधीचं गाव हवं होतं.

गुडघ्यापर्यंत बर्फातून चालताना पंधरा मिनिटांत जेमतेम फाइव्ह कॉर्नर्स गाठलं. पाच रस्ते एकत्र येतात तिथले सिग्नल कुणासाठीही नसताना लाल-हिरवे होत होते, आणि प्रत्येक वेळी चौकातला बर्फ रंग बदलत होता. तिपाईवर चार सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. पडणारे कण इतक्या वेळात विरून गेले, उरला फक्त हिरवा झालेला चौक आणि त्यात एकही पाऊल नाही. १३ डिसेंबरला जे सुचत नव्हतं ते इथे थोडं सापडलं. शांतता रिकाम्या रस्त्यात नव्हती. कुणाला तरी रस्ता देणाऱ्या दिव्यात होती. दहावा.

अकरावा परतताना. आजोबांच्या तांबड्या शेडसमोर बर्फ तिरका चालला होता, १/८०, अगदी हेमलॉकसमोर ठरवला तसा.

बारावा हाताचा. मुलीने अंगणात काळा हातमोजा पुढे धरला आणि पडणारा बर्फ झेलला. साबुदाण्यासारखे दाणे पडायला लागले होते. स्फटिकावर गार थेंबुकली गोठत जाऊन असे गोळे होतात. फोटोत चेहरा नाही, फक्त मोजा आणि दाणे. आईला प्रमाण कळेल.

५ फेब्रुवारी

छपाई. पहिल्या दुकानाने यंत्राला रंग आपोआप सुधारू दिले. सावल्यांचा निळा गेला आणि बाराही फोटो गव्हाळ झाले. पैसे परत मिळाले नाहीत. दुसरीकडे फाईलबरोबर चिठ्ठी दिली: रंगात काही बदल करू नये. मॅट कागद घेतला, चकचकीत कागदावर खोलीतल्या दिव्याची चमक बर्फाच्या वर बसते.

एक शिकले. बर्फाचा सर्वांत उजळ भाग कागदाच्या पांढऱ्यापेक्षा किंचित गडद छापावा लागतो. तेवढाच असला तर फोटोला भोक पडल्यासारखं दिसतं.

नवऱ्याचा मित्र पुण्याला चाललाय. पाकीट त्याच्याबरोबर दिलं, पुण्याहून वाईला कुरिअरने जाईल.

२३ फेब्रुवारी

आईचा फोन. पाकीट मिळालं. तिने बाराही फोटो कॉटवर मांडले होते आणि एकेक उचलून विचारत होती. हेमलॉकचा फोटो बराच वेळ हातात होता. म्हणाली, "हा घाईत नाही पडत, नाही का? पाऊस कसा, काम असल्यासारखा येतो." सातवा उचलला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "हे माझं सूत आहे. ही वीण आपल्या चंद्रकळेची." तिला तो तुकडा मी बाहेर बर्फात मांडला याचं वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. ती म्हणाली, "धू नकोस फक्त. आता पाणी लागलं तर फाटेल."

सगळं पाहून झाल्यावर तिने विचारलं, "बारा झाले. पण तुझं घर कुठंय गं यात?"

मी फोटो आठवले. सगळे दारातून बाहेर तोंड करून काढलेले.

२६ फेब्रुवारी

दुपारपासून बर्फ. सूर्य साडेपाचनंतर मावळला. मागच्या कुंपणापाशी, घराकडे तोंड करून तिपाई लावली. मुलीला सांगितलं स्वयंपाकघरातला दिवा लाव, पडदा बाजूला सार. बर्फ निळा व्हायला लागला आणि खिडकी पिवळी होत गेली. पाच पन्नासला दोन्ही उजेड बरोबरीला आले. दहा सेकंदांचा टायमर लावून बर्फातून दारापर्यंत गेले. नवरा आणि मुलगी आत ओट्यापाशी होते, मी उंबऱ्यात.

१/८० सेकंद, एफ २.८, आयएसओ १६००, वाढ एक स्टॉप. अंगणातून दारापर्यंत माझीच पावलं आहेत. ती राहू दिली.